आम्ही राहायला येतोय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, निखिलला नाही. माझ्या बहिणीला मी सकाळी भाजी कोणती केली तेही फोनवर सांगते, पण तिलाही हे सांगितलं नाही. मग तुम्हाला काहून सांगते आहे? कदाचित ऐकताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही, म्हणून असेल.

म्हटलं तर फार मोठी गोष्ट नाही. कुणाचा जीव गेला नाही. कुणी माझ्यावर बोट ठेवलं नाही, ठेवणारही नाही. जबलपूरला, कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी फोनवर एक शब्द बोलले, एवढंच. पण तो शब्द — थांबा. आधी त्या बाईंबद्दल सांगते, नाहीतर तो शब्द तुम्हाला कळायचा नाही.

आमचा निखिल मेलबर्नला असतो. हे फॅक्टरीतून रिटायर झाले, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, आणि निखिल एकुलता एक. तिथे राहायला एक घर घेतल्यावर काही वर्षांनी त्याने दुसरं घेतलं. ते राहायला नव्हतं, इन्व्हेस्टमेंट होती. जुनं लाकडी घर, मागे ऐसपैस अंगण, आणि आत आधीपासूनच भाडेकरू. मी विचारलं, एवढं जुनं घर कशाला रे घेतलंस? तर म्हणाला, "आई, तो पूरा इलाका चायनीज आहे. ते लोक शाळा बघून घर घेतात. तिथे भाव खाली येतच नाही." निखिलचं मराठी असंच आहे, अर्धं हिंदीत बुडालेलं.

मला त्यातलं काय कळत होतं? पण मंडळातल्या बायकांना मी हळदीकुंकवाला अगदी तोऱ्यात सांगितलं, की घर घ्यायचं तर चिनी वस्तीत घ्यावं, भाव पडत नाही. जसं काही मीच शोधून काढलं होतं.

मग एका दिवाळीनंतर त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावलं. तिथे तेव्हा उन्हाळा सुरू होत होता. एका रविवारी तो आम्हाला आपलं दुसरं घर दाखवायला घेऊन गेला. चालत जाण्याइतकंच जवळ होतं. रस्त्यात दुकानांच्या पाट्या चिनी, बँकेची पाटी चिनी, दातांच्या डॉक्टरांचीसुद्धा चिनी. आत भाडेकरू असल्यामुळे आम्ही फाटकाशीच उभे राहिलो. तेवढ्यात बाजूच्या बोळातून एक म्हातारी बाई आली. माझ्यापेक्षा बरीच मोठी, पाठीत वाकलेली, डोक्यावर मोठी गवती टोपी. निखिलला पाहून एकदम ताठ झाली. मालक आला म्हणजे काहीतरी तपासायला आला, असं वाटलं असावं तिला. ह्यांनी हात जोडून नमस्कार केला. ती गोंधळली, मग हातातली टोपली खाली ठेवून तिनेही तसेच हात जोडले. ह्यांची आणि तिची भेट ती एवढीच.

माझं लक्ष मात्र तिच्या मागे होतं. बांबूचा मांडव, त्यावर नुकताच चढू लागलेला कारल्याचा वेल. आमच्या जबलपूरच्या अंगणात असतो अगदी तसाच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. आता वाटतं, काहून गेले? निखिलच्या घरी दिवसभर कुणी नसे, हे टीव्ही लावून बसत, आणि मला बोलायला माणूस नव्हतं. पण बोलणार तरी काय होते? तिला इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. ती मांडवापुढे अशी उभी राहिली, जणू मी तो काढायलाच सांगायला आले होते. मी पुढे होऊन वेलाचं एक पिवळं पडलेलं पान खुडलं, खालचा फुटवा हाताने वर वळवून काठीला लावला. तिने ते पाहिलं. मग ती हसली — सगळं तोंड हसलं तिचं — आणि आत जाऊन माझ्यासाठी एक स्टूल घेऊन आली.

त्या दिवसापासून होळीपर्यंत मी जवळजवळ रोज तिथे जात होते.

तिला घरात सगळे पोपो म्हणत. पोपो म्हणजे आईची आई. तिची मुलगी दिवसभर कामावर असायची आणि नात जॉयस कॉलेजात. जॉयस घरी असली की आमच्यामध्ये बसून इंग्रजीत सांगायची — पोपो म्हणते असं, पोपो विचारते तसं. नसली तरी आमचं काही अडत नसे. पोपो मला 'निखिल-मामा' म्हणायची. चिनीत मामा म्हणजे आई. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा हे इतके हसले, की पुढे काही दिवस मला मामाच म्हणत होते.

काय करत होतो आम्ही? काही नाही. शेंगा मोडत होतो. ज्या कोहळ्याचा आपण पेठा करतो, त्याचं ती सूप करायची. मी तिच्या गॅसवर कारल्याची आपली भाजी करून दाखवली, गूळ घालून. तिने खाल्ली, आणि गूळ कशाला घातला म्हणून हातवारे करून मला रागावली. पहिल्यांदा तिने वाफवलेला पाव पुढे केला तेव्हा मी तो नुसता हातात धरून बसले होते. आत काय असेल? कशाला हात लावला असेल यांनी? खोटं कशाला सांगू, मनात हेच आलं. तिने तो माझ्याच हातात उघडून दाखवला. आत गोड वाटलेली डाळ, आपल्या पुरणासारखी. त्यानंतर मी कधी उघडून पाहिलं नाही.

तिचा नवरा तिच्या तरुणपणीच गेला होता. हे तिने जॉयस नसताना सांगितलं. नुसतं आपल्या कपाळाकडे आणि माझ्या कुंकवाकडे बोट दाखवून, मग आभाळाकडे. मला सगळं कळलं.

निघताना पोपोने माझे दोन्ही हात धरून ठेवले. जॉयस म्हणाली, पोपो विचारते, पुन्हा कधी येणार? मी म्हटलं, येईन. तेव्हा ते खोटं नव्हतं.

जबलपूरला परतल्यावरही आमचं तुटलं नाही. जॉयस व्हिडिओ कॉल लावायची. मी माझे दोडके दाखवायचे, पोपो तिचा कोबी दाखवायची. ह्यांना त्यात काही रस नव्हता. चिनी मैत्रिणीचा फोन आला की ते स्कूटर काढून सदर बाजारात निघून जायचे.

आता मुद्द्यावर येते. येते, येते.

त्याच वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी निखिलचा फोन आला. आवाज थकलेला. ते जुनं घर पाडून त्याजागी दोन नवी घरं बांधायची परवानगी त्याला मिळाली होती. बिल्डरची तारीख ठरली होती. पण भाडेकरूंचा करार अजून संपायचा होता. त्याच्या एजंटने परस्पर त्यांना लिहून कळवलं होतं, की मालकाचे आईवडील भारतातून इथे राहायला येत आहेत, तेव्हा घर रिकामं करा. असं कारण असलं की लोक वाद घालत नाहीत म्हणे. पण पोपोच्या मुलीला शंका आली होती. ती कुठेतरी तक्रार करणार होती. केली असती तर निखिलचं काम वर्षभर तरी लांबलं असतं.

"आई, त्यांचा फोन आला तर उचलू नको," निखिल म्हणाला. "बस, इतनी सी बात है."

हे नीट लक्षात घ्या. निखिलने मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. फोन उचलू नको, एवढंच सांगितलं होतं.

आणि दोन दिवसांनी फोन आला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हात कणकेचे. मी हात पुसले. हात पुसण्याइतका वेळ माझ्यापाशी होता, म्हणजे विचार करण्याइतकाही होता. मी फोन उचलला.

पडद्यावर पोपो होती, मागे जॉयस आणि जॉयसची आई. आई हाताची घडी घालून उभी होती, चेहरा कठोर. जॉयस अवघडून म्हणाली, "पोपो सांगते, तुम्ही तिला खोटं सांगणार नाही. ती फक्त तुम्हालाच विचारणार आहे. तुम्ही खरंच इथे राहायला येताय?"

पोपो माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तुम्हाला कसं सांगू — ती आशेने पाहत होती. घर जाणार याचं तिला दुःख होतंच. पण त्या घरात मी येणार असेन तर?

मी म्हटलं, "हो. आम्ही राहायला येतोय."

एवढाच तो शब्द. हो.

इथे थांबले असते तरी एक वेळ — पण मी थांबले नाही. हे सांगायला सगळ्यात कठीण जातं आहे. मला कुणी विचारत नव्हतं तरी मी बोलत गेले. मागची खोली आम्ही घेऊ म्हणाले, तिथे ऊन येतं. ह्यांना हवा मानवेल म्हणाले. आणि मग म्हणाले — माझ्याच तोंडून हे आलं — "पोपोला सांग, मांडव काढू नका. वेल तसेच राहू द्या. मी सांभाळीन."

काहून बोलले असेन मी? निखिलसाठी? मग 'हो'वर भागलं असतं. बोलता बोलता मला त्याची गोडी लागली होती, हे खरं आहे. त्या खोलीत मी मनातल्या मनात पलंगसुद्धा मांडला. ती खूश होत होती, आणि तिला खूश करणारी मी होते. जॉयसने शेवटचं वाक्य तिला सांगितलं तेव्हा पोपोने डोळे पुसले आणि आपल्या मुलीकडे वळून काहीतरी बोलली. भाषा येत नसली तरी ते मला कळलं. बघ, मी म्हटलं नव्हतं?

मुलीने हाताची घडी सोडली.

तक्रार झाली नाही. नाताळच्या सुमारास त्यांनी घर सोडलं. पण त्याआधीचे ते दोन महिने — त्यांचं काय करू? पोपोने त्या अंगणात माझ्यासाठी नवी रोपं लावली. जाणाऱ्या घरात कुणी रोपं लावतं का? ती लावत होती. मांडवाचे जुने बांबू तिने बदलून घेतले, कारण निखिल-मामाला एकटीने ते जमायचं नाही. दर काही दिवसांनी मला फोनवर दाखवायची — पाणी इथून, गोगलगायी इथे येतात, या कोपऱ्यात दुपारी ऊन फार. मी मान डोलवत होते. कधी कधी तर प्रश्नही विचारत होते.

"ते लोक चुपचाप गेले, आई," निखिल म्हणाला. "मला वाटलं होतं तमाशा करतील. चांगली माणसं निघाली."

मी म्हटलं, हो रे, चांगली आहेत.

जानेवारीत त्याने घर पाडतानाचा व्हिडिओ पाठवला. पिवळं मशीन, धूळ, आणि घराच्या मागे तो मांडव, वेल वरपर्यंत चढलेला. फुलं आली असतील का? मी तो भाग थांबवून, मोठा करून पाहिला. दिसलं नाही. मग मी निखिलला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पोपोचे लोक आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले होते. मी जॉयसचे फोन उचलणं सोडून दिलं होतं. मला वाटलं, विसरतील. म्हातारी माणसं विसरतात.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष असतं. त्या दिवशी पोपो कुणाला न सांगता, बस बदलत बदलत, वाफवलेल्या पावांचा डबा घेऊन त्या घरी गेली. मला भेटायला. मी पोचले असेन, मला अजून तिथलं काही ठाऊक नसेल, सणाच्या दिवशी एकटी असेन, म्हणून. तिथे लोखंडी जाळीचं कुंपण होतं, आणि आत नुसती माती.

हे मला जॉयसच्या मेसेजवरून कळलं. वाचायच्या आधी मी खुर्चीत बसले. वाटलं, आता लिहिलं असेल — तुम्ही खोटं बोललात. तसं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने लिहिलं होतं, पोपोला फार काळजी लागली आहे. तुमचं तिकडे काही बरंवाईट तर झालं नाही ना? नाहीतर तुम्ही आल्याशिवाय राहिला नसतात, असं ती म्हणते.

त्या बाईला माझ्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. मी मेले असेन असं तिला वाटलं, पण मी खोटी असेन असं वाटलं नाही.

इथे मला सगळं सांगून टाकता आलं असतं. दार उघडंच होतं. मी काय केलं? मी लिहिलं, ह्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. म्हणून येणं रद्द झालं, म्हणून मुलाला घराचं दुसरं काहीतरी करावं लागलं.

ह्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी ते लिहीत होते तेव्हा हे अंगणात स्कूटर पुसत होते, आणि गुणगुणत होते.

त्यानंतर पोपोने ह्यांचं नाव विचारून घेतलं. कुठल्या तरी देवळात जाऊन तिने ते लाल कागदावर लिहवलं आणि उदबत्त्या लावल्या. जॉयसने फोटो पाठवला. चिनी अक्षरांत माझ्या नवऱ्याचं नाव, मला न वाचता येणारं. दर काही आठवड्यांनी विचारणा व्हायची. हात हलतो का? जेवतात का? मी लिहायची, थोडं बरं आहे. दुसरं काय लिहिणार होते? एकदम बरे झाले म्हटलं तर मग येता का विचारेल. बरे नाहीत म्हटलं तर रडेल. तिच्या प्रत्येक चौकशीला मी माझ्या धडधाकट माणसाला थोडं थोडं आजारी ठेवत गेले. त्या वर्षी वटसावित्रीला वडाभोवती सूत गुंडाळताना माझा हात थांबला होता. शेजारच्या वहिनींनी विचारलं, चक्कर आली का? मी म्हटलं, हो, ऊन लागलं.

निखिलची दोन्ही घरं झटकन विकली गेली. दोन्ही चिनी कुटुंबांनी घेतली, शाळा बघून. त्याने आमच्या घराचं गळकं छत पक्कं करून दिलं. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते छत दाखवतात. मुलगा हुशार निघाला म्हणतात. खरंच हुशार आहे, आणि मनाचाही वाईट नाही. त्याच्या एजंटच्या त्या कागदाबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला मला तोंड कुठे होतं? कागद खोटा होता, पण त्या कागदावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. विश्वास माझ्यावर ठेवला होता.

हे सगळं मी अजूनही सांगितलं नसतं कदाचित. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली.

सकाळची वेळ, मी ओट्यापाशी. जॉयसचा व्हिडिओ कॉल आला. हल्ली मी तिचे फोन पुन्हा घेते, पण आवाजावरच भागवते; त्या दिवशी उचलताना बोट चुकीच्या जागी लागलं आणि पडद्यावर पोपो आली. खूप लहान झाली आहे ती. मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या दारातून हे आत आले. सदरहून आलेले, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात टोस्टची पुडी, चांगले खडखडीत चालत. माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि फोनमध्ये डोकावले.

पोपोने ह्यांना पाहिलं.

तिने आधी तोंडावर हात घेतला. मग ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, आवाज करून. आणि रडता रडता तिने हात जोडले. ह्यांनी काही न कळताच हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि हात जोडले.

जॉयस म्हणाली, "पोपो म्हणते, चालायला लागले. देवाने ऐकलं. तुम्ही फार सेवा केली असेल म्हणते."

मी मान डोलवली.

फोन बंद झाल्यावर हे तिथेच उभे होते. "काहून रडून राहिली होती ती बाई?"

"तुम्हाला पाहून. तिकडे फाटकाशी भेटला होतात ना एकदा."

"एवढ्यावर?"

"हो," मी म्हटलं. "एवढ्यावर."

ते म्हणाले, किती मायाळू असतात गं काही लोक. मग हातपाय धुवायला गेले, आणि मी चहा ठेवला.

त्यांना मी काही सांगितलं नाही. तिलाही नाही. ती आजही मला चांगली समजते, आणि मी तिला तसं समजू देते.